गेम बॉय डीएमजी-०१: उभ्या रेषा गायब, मध्येच रिसेट होतो, त्याआधी सिल्व्हरचा सेव्ह कसा वाचवायचा?

पेन्सिल_सेल:

मूळचा राखाडी गेम बॉय आहे, मॉडेल डीएमजी-०१. सोबत दोन कार्ट्रिज: पोकेमॉन रेड आणि पोकेमॉन सिल्व्हर. लक्षणं जशी दिसतात तशी लिहितो.

१. चालू केला की लाल दिवा लागतो, पण बटणाला जरा धक्का लागला की रिसेट होतो. सेल नवे आहेत.

२. पडद्यावर डावीकडे सात-आठ उभ्या रेषा कायमच्या कोऱ्या आहेत. मधल्या भागातली एक रेष कधी दिसते, कधी जाते.

३. रेड घातला की दहापैकी चार वेळा वरून लोगोऐवजी काळा पट्टा उतरतो आणि तिथेच थांबतो.

४. सेलच्या कप्प्यात एका स्प्रिंगवर हिरवट-पांढरा खार आहे.

५. सिल्व्हर अजून सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, दाखवतो. तो घालवायचा नाहीये.

मल्टिमीटर आहे, तापमान लावता येणारं सोल्डरिंग आयर्न आहे, सोल्डरिंगचा हात बरा आहे. कुठून सुरुवात करू? ३५० अंशांचं आयर्न पडद्याखालच्या पट्टीवरून फिरवलं की रेषा परत येतात असं एका व्हिडिओत दाखवलंय, ते खरं का?

आणि एक वेगळा प्रश्न. या यंत्रावर मराठी मजकूर असलेला छोटा खेळ करायचा असेल तर देवनागरी बसते का?

---

तापकीर_गल्ली:

आयर्न आधी बंद करा. पहिला नंबर ५ चा.

सिल्व्हरचा सेव्ह साध्या रॅममध्ये असतो आणि ती रॅम जिवंत ठेवायला कार्ट्रिजमध्ये सीआर२०२५ हा बटन सेल असतो. रेडमध्ये घड्याळ नाही, त्यामुळे त्याचा सेल फक्त रॅम सांभाळतो. सिल्व्हरमध्ये दिवस-रात्रीचं घड्याळही त्याच सेलवर चोवीस तास चालू, म्हणून तो लवकर संपतो. हा खेळ जपानात १९९९ चा, अमेरिकेत २००० चा. सेल मूळचा असेल तर तो अजून चालतोय हेच नवल समजा. त्यामुळे कार्ट्रिज उघडण्याआधी, सेलला हात लावण्याआधी सेव्हची प्रत काढा.

त्यासाठी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू नावाचा यूएसबी रीडर आणि फ्लॅशजीबीएक्स हा मोफत प्रोग्राम लागतो. काम असं:

कार्ट्रिजचे पिन ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा आणि दहा मिनिटं सुकू द्या. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. रीडरमध्ये घालून गेम बॉय मोड निवडा, गेम बॉय ॲडव्हान्सचा नाही. जुनी कार्ट्रिज ५ व्होल्टची, ॲडव्हान्सची ३.३ ची. खेळाचं नाव नीट वाचलं गेलं आणि हेडरचा (कार्ट्रिजच्या सुरुवातीच्या माहितीचा) चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, बरोबर आला तरच पुढे जा. नाव अर्धवट येत असेल तर पिन अजून मळलेत, पुन्हा पुसा.

मग सेव्ह वाचा. फाइल बरोबर ३२,७६८ बाइटची हवी. घड्याळाची नोंदही सोबत घ्यायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. कार्ट्रिज काढून पुन्हा घाला, दुसऱ्यांदा वाचा आणि दोन्ही फाइलींचे चेकसम ताडून पाहा. घड्याळाच्या नोंदी फाइलीच्या शेवटी जोडल्या जातात आणि तेवढ्या बदलणारच, म्हणून तुलना पहिल्या ३२,७६८ बाइटचीच करा. जुळल्या की ती फाइल सेमबॉय किंवा एमजीबीए एम्युलेटरमध्ये (संगणकावर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून ट्रेनरचं नाव दिसतंय ना, बघा. फाइल नुसती अमुक आकाराची आहे याला अर्थ नाही. पिन मळलेले असताना सगळे बाइट एफएफ (सगळे बिट १) आलेली फाइलही ३२,७६८ बाइटचीच भरते.

ही फाइल दोन ठिकाणी ठेवली की मग सेल.

कार्ट्रिजचा स्क्रू सहा पाकळ्यांचा असतो, त्याला ३.८ मिमीचा गेमबिट लागतो. बॉलपेनची नळी वितळवून दाबायचा जुगाड करू नका, स्क्रूचं डोकं गेलं की कवच फोडावं लागतं. आत सेलवर नंबर छापलेला असतो, तो वाचूनच नवा घ्या. रेडमध्ये बहुधा सीआर१६१६ निघतो, म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि १.६ मिमी जाड. सिल्व्हरमध्ये सीआर२०२५, २० मिमी व्यास, २.५ मिमी जाड. जास्त टिकेल म्हणून काही जण सीआर२०३२ घालतात. व्यास तोच, पण जाडी ३.२ मिमी, त्यामुळे कवच फुगतं आणि कार्ट्रिज खाचेत अडकतं.

सेल पत्र्याच्या टॅब जोडलेलाच मागा. उघड्या सेलवर आयर्न टेकवायचं नाही. लिथियम सेल तापला की आतून दाब वाढतो आणि फुटतो. जुन्याचा फोटो काढून ठेवा. अधिक-उणे बोर्डावर छापलेलं असतं, तरी टॅब कुठल्या बाजूला वळलेत ते नंतर आठवत नाही. आयर्न ३४० ते ३५०, भरपूर फ्लक्स, जुन्या सोल्डरवर थोडं नवं शिसेवालं सोल्डर घाला म्हणजे ते लवकर वितळेल. उणे बाजूचा पॅड ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो, उष्णता ओढून घेतो. तिथे दोन-तीन सेकंद जास्त थांबा, पण टॅब उपटू नका. पॅड बोर्डावरून सुटून येण्याचं कारण जवळजवळ नेहमी ही घाईच असते.

नवा सेल बसला की मीटरवर ३ व्होल्ट किंवा किंचित वर दिसलं पाहिजे. मग रीडरमधून सेव्ह परत लिहा, कार्ट्रिज काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा, पुन्हा वाचा. जुळला की झालं.

---

नोकियावाला:

एवढं कशाला? कार्ट्रिज चालू ठेवूनच सेल बदला की. गेम बॉयमधून वीज मिळत असते, रॅम पुसली जात नाही. दहा मिनिटांचं काम.

---

तापकीर_गल्ली:

तत्त्वतः बरोबर, प्रत्यक्षात नको. कवच उघडलेलं, कार्ट्रिज खाचेत लटकतंय, यंत्र चालू आणि त्यावर ३५० अंशांचं आयर्न. अर्थिंग केलेल्या आयर्नचं टोक चुकून अधिक टॅबला आणि शेजारच्या पिनला एकदम लागलं तर सेव्ह जातोच, वर यंत्राचा ५ व्होल्टचा पुरवठाही जातो. शिवाय प्रश्नकर्त्याचं यंत्र धक्का लागला की रिसेट होतंय! रीडर मिळत नव्हते तेव्हा लोक हे करायचे, कारण दुसरा मार्ग नव्हता.

आता यंत्राकडे. तुमची १, ३ आणि ४ ही लक्षणं एकाच घरची आहेत: घाण संपर्क.

खाराचं आधी. अल्कलाइन पेन्सिल सेलमधून गळतं ते अल्कली, म्हणून त्यावर आम्ल लागतं. इअरबड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून स्प्रिंगवर टेकवा, बुडबुडे थांबेपर्यंत. लिंबाचा रसही चालतो, पण चिकट राहतो. मग साध्या पाण्याने ओला इअरबड, शेवटी आयसोप्रोपिल. व्हिनेगर तसंच राहिलं तर महिन्याभरात तेच पत्रा खातं. खार निघाल्यावर खाली निकेलचा मुलामा उरला असेल तर ठीक. काळपट खड्डे दिसले तर स्प्रिंग बदला, नव्या पट्ट्यांचे संच मिळतात. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेली पट्टी दिसते छान, पण मुलामा गेल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात परत गंजते.

रिसेटचं कारण नव्वद टक्के वेळा वरचा सरकता पॉवर स्विच. सेलची सगळी वीज त्यातून जाते. आतल्या पत्र्यावर ऑक्साइड धरला की तिथे थोडा रोध तयार होतो. दिवा लागण्यापुरती वीज मिळते, पण खेळाने जास्त ओढली की व्होल्टेज खाली बसतं आणि प्रोसेसर रिसेट होतो. तपासायचं असं: यंत्र उघडून चालू करा, मीटर कार्ट्रिज खाचेच्या पिन १ आणि पिन ३२ वर. १ म्हणजे ५ व्होल्ट, ३२ म्हणजे ग्राउंड. स्विच बोटाने हलकेच हलवा. ५ च्या आसपास स्थिर राहायला हवं. हलवताना ४.५ च्या खाली झोके घेत असेल तर स्विचच.

स्विचच्या फटीत दोन-तीन थेंब आयसोप्रोपिल, सेल काढून पन्नास-साठ वेळा मागे-पुढे, पंधरा मिनिटं सुकवा. पुन्हा थेंब, पुन्हा तेच. इतक्यानेच बहुतेक यंत्रं सुधारतात. नाही सुधारलं तर स्विच सोल्डर काढून बाहेर घ्या, चार बारीक कान उघडले की वरचं झाकण निघतं, आतले सरकते पत्रे पुसा आणि परत बसवा. पत्रे काढताना कुठला कुठे होता ते बघून ठेवा, ते उडतात.

काळ्या पट्ट्याचं गणित सोपं आणि मजेदार आहे. चालू होताना यंत्रातला २५६ बाइटचा बूट रॉम कार्ट्रिजमधून ४८ बाइटचा लोगो वाचतो आणि तोच पडद्यावर उतरवतो. मग स्वतःजवळच्या प्रतीशी ताडतो; एक बिट चुकला तरी तिथेच थांबतो. म्हणजे पडद्यावर दिसतं ते कार्ट्रिजमधून जे वाचलं गेलं तेच. काहीच वाचलं गेलं नाही तर सगळे बिट १, म्हणून सलग काळा पट्टा. लोगो ठिपक्याठिपक्यांचा किंवा फाटका आला तर एखाददुसरी डेटा किंवा पत्त्याची रेषा तुटतेय. दोन्हीत औषध एकच: कार्ट्रिजचे पिन आणि यंत्राची खाच, दोन्ही पुसणं. खाचेसाठी जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळा, आयसोप्रोपिलने ओलं करा, आठ-दहा वेळा घाला-काढा. पिन फारच काळे असतील तर शाळेतला पांढरा खोडरबर, मग पुसून कण काढा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि हा रोग वाढतो.

---

चार_छटा:

रेषांचं मी सांगतो. व्हिडिओतलं खरं आहे, फक्त ३५० हा आकडा पडदा मारायचा आहे.

मूळ पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा, दिवा नसलेला, चार छटांचा. काचेच्या खालच्या कडेपासून बोर्डापर्यंत एक लवचिक पट्टी जाते, ती उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेली असते. प्रत्येक उभ्या रेषेची वीज या पट्टीतल्या एका केसासारख्या तारेतून जाते. तीस-पस्तीस वर्षांत डिंक सैल पडतो, तार उचलली जाते, तेवढी रेष कोरी. तुमची मधली रेष येते-जाते ते याचंच लक्षण. आडव्या रेषा गेल्या असत्या तर दोष कडेच्या पट्टीत. ती फार नाजूक, तिला शक्यतो हात लावत नाहीत.

पाठीमागे तीन पाकळ्यांचे सहा स्क्रू: चार कोपऱ्यांना, दोन सेलच्या कप्प्यात. त्याला ट्राय-विंग ड्रायव्हर लागतो. उघडल्यावर दोन अर्धे २१ तारांच्या चपट्या रिबनने जोडलेले दिसतील. कुलूप नाही, कनेक्टरजवळ दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढा, तिरकं नको. पुढचा बोर्ड साध्या फिलिप्स स्क्रूंवर असतो. तो उचलताना पडदा त्याच्याबरोबरच येतो. पडद्याला धरून उचलू नका.

पडद्याखाली पट्टीवर रबरासारखा लांब तुकडा चिकटवलेला दिसेल. तो हळू सोलून बाजूला घ्या. मग रिबन परत जोडा, यंत्र उताणं ठेवून चालू करा आणि कॉन्ट्रास्टचं चाक पूर्ण फिरवा, अख्खा पडदा गडद होईपर्यंत. आता मेलेल्या रेषा उजळ दिसतात, काम करताना नजर तिथेच ठेवता येते.

आयर्नला सपाट, छिनीसारखं टोक लावा. टोकावर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या टेपचा) एक थर. २०० अंशांपासून सुरू करा. पट्टी बोर्डाला जिथे चिकटलीय त्या रांगेवरून, मेलेल्या रेषेच्या समोर, हलका दाब देत सेंटिमीटरभर सरका. एका जागी दोन-तीन सेकंद, मग पुढे. काचेपासून दूर. रेष उमटायला लागली की आयर्न उचला आणि गार होईपर्यंत कोरड्या इअरबडच्या काडीने दाबून धरा. खरं चिकटणं होतं ते गार होताना. फरकच पडला नाही तर दहा-दहा अंशांनी वाढवा, २५० च्या वर मात्र जाऊ नका. त्यापुढे पट्टी सुरकुतते, तारा आडव्या सरकतात आणि एकीच्या जागी दहा रेषा जातात. त्या परत येत नाहीत.

गरम असताना रेषा येतात-जातात, त्याने हुरळून जाऊ नका आणि घाबरूही नका. दहा मिनिटं गार झाल्यावर जे दिसतं ते खरं. शेवटी रबराचा तुकडा परत जागेवर लावा, तो दाब ठेवतो.

---

नोकियावाला:

किंवा आयपीएसचं किट, म्हणजे दिवा असलेला नवा एलसीडी पडदा, टाका आणि मोकळे व्हा. उजेड येतो, रेषाबिषा काही नाही. जुना पडदा कोण बघतंय आता.

---

चार_छटा:

आयपीएस वाईट नाही, रोज खेळायचं असेल तर मीही तेच सांगेन. पण सुधारता येणारा मूळ पडदा काढून फेकायचा नसतो. हे पडदे आता कुणी बनवत नाही, त्यामुळे एक गेला की जगात एक कमीच झाला. शिवाय काही खेळांचे परिणाम त्या मंद पडद्यावर बेतलेले आहेत. सावली किंवा धूर दाखवायला आकृती एका फ्रेमला दाखवायची, पुढच्या फ्रेमला लपवायची. जुन्या पडद्यावर ते मिसळून अर्धपारदर्शक दिसतं, आयपीएसवर नुसतं लुकलुकतं. काही किटमध्ये फ्रेम मिसळण्याचा पर्याय असतो, घेताना तो आहे का बघा.

वीजही जास्त लागते आणि कधी कधी स्पीकरमध्ये बारीक गुणगुण येते. एलएसडीजे किंवा नॅनोलूप या गेम बॉयवरच्या प्रोग्रामांनी संगीत करणारे लोक म्हणूनच डीएमजी-०१ बराचसा मूळ स्थितीत ठेवतात, फक्त आवाजाच्या चाकाच्या आधीच तार काढून वेगळा लाइन-आउट बसवतात.

उजेडच हवा असेल तर मधला मार्ग आहे: मूळ काच ठेवायची, मागची चंदेरी परावर्तक फिल्म सोलून तिथे पातळ बॅकलाइट सरकवायचा. त्याने कॉन्ट्रास्ट मार खातो, म्हणून सोबत ७४एचसी०४ ही इन्व्हर्टर चिप पडद्याच्या दोन डेटा रेषांत घालून चित्र उलटं करतात आणि पोलरायझर फिल्म ९० अंशांत फिरवून ते पुन्हा सुलटं करतात. पण फिल्म सोलणं हे पट्टी तापवण्यापेक्षा अवघड काम आहे. पहिल्या यंत्रावर करू नका.

---

पेन्सिल_सेल:

सेव्ह दोनदा वाचला, जुळला, सेमबॉयमध्ये उघडला. सिल्व्हरचा सेल २.७ व्होल्ट दाखवत होता, बदलला. स्विच धुतल्यावर पिन १ वर ४.९७ स्थिर, हलवूनही हलत नाही. २१५ अंशांवर सगळ्या रेषा आल्या, गार झाल्यावर एक सोडून सगळ्या टिकल्या.

नवीन अडचण: बंद करून जोडल्यावर स्पीकर मुका. हेडफोनमध्ये आवाज नीट येतो. पडदा ठीक.

---

तापकीर_गल्ली:

हेडफोनमध्ये येतोय म्हणजे आवाज तयार होतोय, ॲम्प्लिफायर जिवंत आहे. उरल्या तीन जागा.

पहिली, हेडफोनचा जॅक. आत एक पत्रा असतो, प्लग घातला की तो उचलला जाऊन स्पीकर तुटतो. प्लग काढल्यावर पत्रा खाली बसला नाही तर यंत्राला वाटतं हेडफोन अजून आहेच. जॅकमध्ये एक थेंब आयसोप्रोपिल, प्लग वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर.

दुसरी, ती २१ तारांची रिबन. स्पीकर पुढच्या बोर्डावर असतो आणि त्याची वीज मागून रिबनमधूनच येते. एका कडेला अर्धा मिलिमीटर वर राहिली तरी पडदा चालतो आणि कडेची एखादी तार सुटते. काढून सरळ, दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबून बसवा. उघडण्याआधी स्पीकर चालत होता, त्यामुळे माझी पैज यावर.

तिसरी, स्पीकर स्वतः. मीटर ओहमवर लावा. ८ च्या आसपास आला आणि टेकवताना बारीक खरखर ऐकू आली तर स्पीकर बरा. अनंत दाखवला तर कॉइल तुटलीय. नवा घेताना जुन्याचा व्यास मोजून घ्या, गेम बॉय पॉकेट आणि कलरचे स्पीकर लहान असतात, दुकानदार सगळ्यांना एकच देतो. चाक फिरवताना कर्रकर्र होत असेल तर तो आवाजाच्या चाकाखालच्या पॉटचा मळ, तिथेही थेंब टाकून टोकापासून टोकापर्यंत फिरवा.

पुढे कधी उलटं झालं, म्हणजे आवाज येतोय, दिवा आहे, पण कॉन्ट्रास्ट पूर्ण फिरवूनही पडदा कोरा, तर आतला छोटा वेगळा पॉवर बोर्ड बघा. तो सेलच्या विजेतून ५ व्होल्टबरोबर पडद्यासाठी उणे १८-१९ व्होल्टही बनवतो. ते उणे गेलं की पडदा रिकामा. त्या बोर्डाला बदली बोर्ड मिळतात.

सामान सांगायचं राहिलं. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड: आयसोप्रोपिल, फ्लक्स, विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी), कॅप्टॉन टेप तिथे मिळतं. टॅबवाले सेलही मागितले तर मिळतात, दुकानदार कधी कधी समोरच स्पॉट वेल्ड करून देतो. गेमबिट, ट्राय-विंग आणि रीडर मात्र ऑनलाइनच.

---

शिरोरेषा:

मराठीचं. बसते, पण अक्षर म्हणून नाही, चित्र म्हणून.

या यंत्रात अक्षर, झाड, भिंत सगळं ८ × ८ ठिपक्यांच्या टाइलमधून बनतं. पडद्यावर २० टाइल आडव्या, १८ उभ्या. इंग्रजी अक्षर एका टाइलमध्ये मावतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षराचं अंग, खाली उकार. मी १६ ठिपके असे वाटतो: वर ४, शिरोरेषेला १, अंगाला ८, खाली ३. म्हणजे प्रत्येक ओळ दोन टाइल उंच, ओळीला ४० टाइल. आठात कोंबलेली देवनागरी बघितलीय. ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे, उकार खालच्या ओळीत. ‘कृ’ला तर जागाच नाही.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. यंत्राला युनिकोड कळत नाही. र्‍हस्व वेलांटी लिहिताना नंतर, दिसताना आधी. रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर. हे सगळं ४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला शिकवण्यात अर्थ नाही. संगणकावर आख्खी ओळ १६० × १६ चं चित्र म्हणून काढा आणि टाइल करून रॉममध्ये घाला. पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने काढत असाल तर जोडाक्षरं जुळवणारी राक्म लायब्ररी जोडलेली हवी. नसेल तर ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरांचे पाय तुटके दिसतात. साधा फॉन्ट १६ ठिपक्यांत चिखल होतो, म्हणून व्यंजनं आणि त्यांची अर्धी रूपं एकदा हाताने ठिपक्याठिपक्याने काढलेली बरी. दोन संध्याकाळींचं काम आहे, पण सगळा खेळ त्यावर उभा राहतो.

आता हिशेब. एक टाइल १६ बाइट, एक ओळ ६४० बाइट. रॉमची एक बँक १६,३८४ बाइटची, म्हणजे बँकेला २५ ओळी. ऐकायला कमी वाटतं, पण एमबीसी५ (बँका बदलणारी चिप) असलेल्या कार्ट्रिजमध्ये ८ मेगाबाइटपर्यंत जागा असते, त्यामुळे रॉमची काळजी नको. काळजी व्हिडिओ रॅमची, म्हणजे पडद्यावरच्या टाइल ठेवायच्या जागेची. पार्श्वभूमीला एका वेळी २५६ वेगळ्या टाइल मिळतात. तीन ओळींचा संवाद आला की १२० गेल्या, चित्राला उरल्या १३६. उपाय: ओळ पूर्ण रुंद ठेवू नका. १६ टाइल रुंदीच्या दोन ओळी घेतल्या तर ६४ मध्ये भागतं.

जीबी स्टुडिओ (कोड न लिहिता गेम बॉयचा खेळ बनवायचा प्रोग्राम) वापरणार असाल तर तो दृश्याला जास्तीत जास्त १९२ वेगळ्या टाइल देतो, बाकीच्या चौकटी आणि मजकुरासाठी राखतो. त्याच्या संवादचौकटीत देवनागरी कोंबत बसू नका. मराठी मजकुराचं स्वतंत्र दृश्यच करा, कोऱ्या पानावर चार ओळी. जास्तीत जास्त १६० टाइल, कोरी टाइल एकच मोजली जाते, मर्यादेत बसतं. संवाद चालू असताना मागे चित्रही हवं असेल तर जीबीडीके-२०२० हा सी भाषेत खेळ लिहायचा संच घ्या. त्यातलं पीएनजी२ॲसेट हे साधन चित्राचे तुकडे करतं आणि सारख्या टाइल एकदाच ठेवतं. शिरोरेषेमुळे वरच्या टाइलमध्ये बरीच पुनरावृत्ती निघते, तेवढी बचत फुकटात.

एक गोष्ट एम्युलेटरवर कळत नाही, खऱ्या यंत्रावर चटका देते. पडदा रेखाटत असताना व्हिडिओ रॅममध्ये लिहिलेलं वाया जातं. सलग मोकळी वेळ मिळते ती प्रत्येक फ्रेमच्या शेवटी, १,१४० मशीन सायकल, जेमतेम १.१ मिलिसेकंद. साध्या लूपमध्ये बाइटला १० सायकल धरा, म्हणजे फ्रेमला सात टाइल. ४० टाइलच्या ओळीला सहा फ्रेम, सेकंदाचा दहावा भाग. ओळ डावीकडून उमटत जाते, दिसायला छानच दिसतं, लपवायची गरज नाही. घाई म्हणून पडदा बंद करून लिहायचं असेल तर तो त्या मोकळ्या वेळेतच बंद करा. रेखाटता रेखाटता मध्येच बंद केला तर मूळ डीएमजीच्या पडद्यावर काळी आडवी रेष भाजून बसू शकते, पॅन डॉक्स या गेम बॉयच्या तांत्रिक माहितीसंग्रहात तसा इशाराच आहे. आत्ताच रेषा दुरुस्त केल्यात, म्हणून सांगितलं.

ढिसाळ एम्युलेटर हे सगळं खपवून घेतात. तपासणी सेमबॉय किंवा बीजीबीवर करा. असेंब्लीत लिहिलंत तर शेवटी आरजीबीफिक्स हे साधन व्ही पर्यायासह चालवा; तो वर तापकीर_गल्ली यांनी सांगितलेला ४८ बाइटचा लोगो आणि चेकसम भरतो. विसरलात तर खऱ्या यंत्रावर लोगोपाशीच थांबेल आणि तुम्ही पिन पुसत बसाल.

---

चार_छटा:

यंत्राचं कवच बंद करायच्या आधी एक काम. दोन्ही बोर्डांचे वरून सरळ, उजेडात फोटो काढा, प्रोसेसर आणि रॅमवरचे आकडे वाचता येतील असे. गेम बॉय हार्डवेअर डेटाबेस म्हणून एक यादी आहे, तिथे अनुक्रमांकासह ते देता येतात. चिपवरच्या चार आकड्यांतून वर्ष आणि आठवडा कळतो. प्रोसेसरची कुठली आवृत्ती कधीपर्यंत वापरली, कुठल्या बोर्डावर कुठला कपॅसिटर आहे, हे सगळं अशा फोटोंवरूनच जमवलंय. बूट रॉमसुद्धा कुणी कागदपत्रं दिली म्हणून कळला नाही, २००३ मध्ये चिपचं आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बिट वाचला गेला. भारतातून आलेल्या यंत्रांच्या नोंदी दिल्या तर बरं, आपल्याकडे ही बहुतेक आखातातून किंवा अमेरिकेतून सामानात आलेली.

---

पेन्सिल_सेल:

रिबनच होती. डावी कडा वर राहिली होती, दाबल्यावर स्पीकर बोलला. फोटो काढले, प्रोसेसरवरचा आकडा नीट यायला उजेड तिरका धरावा लागला.

उरलेली एक रेष पुन्हा तापवू का?

---

चार_छटा:

नको. काठाची असेल तर मुळीच नको. रबराच्या तुकड्यावर त्या जागी एक मिलिमीटर जाडीची फोमची बारीक पट्टी ठेवून कवच बंद करून बघा, बऱ्याचदा तेवढ्या दाबाने येते. आणि मागचे सहा स्क्रू नुसते टेकले की थांबा. प्लॅस्टिक जुनं आहे, आटे गेले तर दाब राहणार नाही.